पाळकाचा आठवडा: कोल्हापुरात मंडळी सांभाळताना वेळ कसा बसवायचा

रविवारमुळे पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, वेळापत्रक सहसा बिघडत नाही. उपासनेची वेळ ठरलेली असते, गायनवाले ठरलेले असतात, घंटा वाजवणारासुद्धा ठरलेला असतो. घोळ होतो तो मधल्या दिवसांत. पहाटे मयताचा फोन येतो, दुपारी कुणीतरी बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी दारात उभं राहतं आणि संध्याकाळी कमिटीतल्या दोघांचं बिनसलेलं असतं. म्हणून पहिला नियम असा, की मंगळवार ते शनिवारच्या पाच संध्याकाळींपैकी तीनच ठरवून टाकायच्या. उरलेल्या दोन डायरीत कोऱ्या दिसल्या तरी त्या भरल्या जाणारच आहेत. पाचही भरून ठेवणारा पाळक पहिल्याच मयताला चार घरांना दिलेला शब्द मोडतो, आणि मंडळी, म्हणजे चर्चचा सभासदवर्ग, ते वर्षभर बोलून दाखवते.

आधी कपाट

नवी नेमणूक घेतली की पहिल्या आठवड्यात प्रवचनाइतकंच लक्ष कपाटाकडे द्या. बाप्तिस्मा, सभासद, लग्न आणि दफन यांची रजिस्टरं, कमिटीचं मिनिट बुक, जमाखर्चाची वही, मालमत्तेची फाईल एवढं सगळं यादी करून, पानं मोजून, आधीच्या पाळकांच्या सहीनं ताब्यात घ्यायचं. प्रत्येक रजिस्टरची शेवटची दहा पानं उलटून पाहा. सही राहिलेल्या आणि तारीख कोरी सोडलेल्या नोंदी तिथंच सापडतात. आधीचे पाळक अजून गावात आहेत तोवर त्या पुऱ्या होतात, नंतर नाही.

नावातली चूक खोडून किंवा पांढरी शाई लावून दुरुस्त करायची नाही. मूळ अक्षर वाचता येईल अशी एक रेघ मारा, समासात दुरुस्ती लिहा, तारीख टाका, सही करा आणि कागदपत्राची प्रत फाईलला लावा. दाखला पुढे लग्नाला लागतो, पासपोर्टला लागतो, आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की माणूस परत तुमच्याच दारात येतो. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं, अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वाइल्डर इथं आले तेव्हापासूनचं. त्यामुळे जुन्या मंडळीत पणजोबांची नोंद शोधत बाहेरगावाहून माणसं येणार हे धरून चाला. जुनी वही झेरॉक्सच्या काचेवर पालथी घातली की शिवण सुटते. टेबलावर सपाट उघडायची आणि उजेडात वरून फोटो घ्यायचा.

घरभेटी

पाळकाची ओळख होते ती घरभेटींतून. हिशेब सोपा आहे. १२० कुटुंबं धरली आणि संध्याकाळी चार घरं, अशा आठवड्याच्या तीन संध्याकाळी केल्या, तर दहा आठवड्यांत एक फेरी पुरी होते. मयत, परिषद, ताप-सर्दी धरून तीन महिने म्हणा. वर्षात तीन फेऱ्या झाल्या तर भरपूर झालं.

घरं वर्णानुक्रमे घेऊ नका, भागानुसार घ्या. एका संध्याकाळी नागाळा पार्क आणि ताराबाई पार्क, दुसऱ्या दिवशी राजारामपुरी आणि त्यापलीकडचा भाग, तिसऱ्या दिवशी उचगाव-गांधीनगर. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला संध्याकाळी सहाला गाठायला गेलात तर दरवाजाला कुलूप. त्याची पाळी विचारून घ्या आणि घराच्या कार्डावर लिहून ठेवा. पाणी यायच्या वेळेत कुणाच्याही घरी जाऊ नका. घरची बाई कळशी घेऊन नळापाशी असते आणि तुम्ही खुर्चीवर बसून स्तोत्र काढता, हे दोघांनाही अवघड होतं.

दर घराला एक पोस्टकार्डाएवढं कार्ड पुरतं. वर घरातल्यांची नावं आणि वयं, कोण कुठं कामाला, कोण आजारी. मागच्या बाजूला भेटीची तारीख आणि कशासाठी प्रार्थना केली त्याची एक ओळ. पुढच्या खेपेला "मुलीच्या नर्सिंगच्या अॅडमिशनचं काय झालं?" असं तुम्ही विचारता ते या ओळीच्या जोरावर. घरातली भांडणं, व्यसन, पैशाचा मामला कार्डावर लिहायचा नाही. कार्ड हरवतं, आणि नेमकं ज्याला सापडू नये त्यालाच सापडतं.

भेट वीस-पंचवीस मिनिटांची. पहिली दहा मिनिटं ऐकायचं, मग बायबलमधला छोटा उतारा, आठ-दहा वचनांपेक्षा मोठा नको, आणि मग घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन प्रार्थना. शाळकरी पोराचं नाव वगळलं तर ते पोर लक्षात ठेवतं. चहाचं मात्र आधी ठरवा. चार घरी चार चहा आणि प्रत्येक घरी "आता जेवूनच जा पाळकसाहेब" हे चालू झालं की चौथं घर कायम राहून जातं. पहिल्या तीन घरी पाणी, शेवटच्या घरी चहा, असं एकदा मंडळीत जाहीर करून टाकलं तर कुणाला वाईट वाटत नाही.

बाई एकटी घरात असेल तर दारातूनच ख्यालीखुशाली विचारून, पत्नीला किंवा महिला मंडळाच्या कुणाला घेऊन पुन्हा यायचं. एका घरचं दुसऱ्या घरी बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही. भेटीत कुणी अर्पणाचं पाकीट हातात दिलं तर तिथंच पावती फाडायची. पावतीपुस्तक नसेल तर पाकीट रविवारी पेटीत टाकायला सांगायचं. ज्यांच्या सोफ्यावर बसायला बरं वाटतं त्याच घरी पाय वळतात, हा घरभेटीतला सगळ्यात जुना दोष. महिनाअखेरीला कार्डं तारखेनुसार लावून पाहिली की कोण राहिलं ते आपोआप वर येतं.

दवाखाना

छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, आणि शहरातले खासगी दवाखाने धरून आठवड्यातल्या दोन दुपारी यासाठी ठेवा. आत गेल्यावर आधी सिस्टरना विचारायचं. ड्रेसिंग चालू असेल, डॉक्टरांचा राऊंड असेल तर बाहेर थांबायचं. पेशंटजवळ पाच-सात मिनिटं पुरेत. कॉटवर बसायचं नाही, सलाईनच्या बाजूला उभं राहायचं नाही, शेजारच्या पेशंटला त्रास होईल अशा आवाजात प्रार्थना करायची नाही. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, द्यायचं असेल तर तोंडानं काही द्यायला परवानगी आहे का हे विचारल्याशिवाय डबा उघडू नका. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेल्या पेशंटला भाकरीचा कण आणि घोटभर रस दिला तरी ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.

दोन गोष्टी मंडळीत तयार ठेवा. एक, रक्तगटानुसार रक्तदात्यांची यादी, शेवटच्या रक्तदानाच्या तारखेसह. पुरुषाला तीन महिने आणि बाईला चार महिने झाल्याशिवाय परत देता येत नाही. तारीख लिहिलेली नसेल तर आणीबाणीत दहा फोन वाया जातात. दोन, बिलाच्या काळजीत पडलेल्या नातेवाइकांना पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडे, म्हणजे सरकारी उपचार योजनेच्या मदतनिसाकडे, पाठवायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या दवाखान्यात त्याचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथं जायचं. डिस्चार्जच्या दिवशी धावाधाव करून उपयोग नसतो, मंजुरी आधी लागते.

मयत

सगळ्यात जास्त गडबड इथं होते, म्हणून इथं सावकाश.

फोन आला की सांत्वनाच्या दोन शब्दांनंतर चार गोष्टी विचारून लिहून घ्यायच्या: कोण, कुठं, किती वाजता, डॉक्टरांनी पाहिलं का. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा दाखला तिथूनच मिळतो. घरी झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलावून तो घ्यायचा. अपघात, विषबाधा, आत्महत्या किंवा नुसता संशय असला तरी आधी पोलीस, मग शवविच्छेदन. अशा वेळी शव ताब्यात येईपर्यंत दफनाची वेळ जाहीर करायची नाही. चार वाजताची वेळ सांगून लोक जमतात, शव सहाला मिळतं आणि मग बॅटरीच्या उजेडात माती द्यावी लागते.

मग मुंबई-पुण्याहून कोण यायचं आहे ते विचारा. पुण्याहून यायला साडेचार-पाच तास धरा, महामार्गाचं काम चालू असेल तर जास्त. दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर शीतपेटी लगेच सांगायची, उन्हाळ्यात तर तासाभरात. थंडीच्या दिवसांत कोल्हापुरात सहा-सव्वासहालाच अंधार पडतो. तेव्हा घरून तीनला निघायचं, म्हणजे पाचच्या आत माती होते.

कबरीची जागा तोंडी ठरवू नका. दफन रजिस्टर आणि नकाशा घेऊन कमिटीच्या एका माणसानं प्रत्यक्ष जाऊन खुंटी मारायची. "आमच्या आजीच्या शेजारी" म्हणणारे दोन कुटुंबांचे लोक एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि तो वाद कबर खणून झाल्यावर निघाला तर पाळकाची पुरती पंचाईत होते. कबर सात फूट लांब, तीन फूट रुंद, पाच ते सहा फूट खोल. चार माणसांना चार-पाच तास लागतात. खाली मुरूम किंवा कातळ लागला तर अजून दोन तास धरा आणि पहार-सब्बल आधीच पाठवा. पावसाळ्यात काळी माती फुगते, कडा ढासळतात, तळाशी पाणी साठतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या रात्री खणून ठेवायचं नाही. सकाळी खणा, वर ताडपत्री बांधा, कडेला दोन फळ्या टाका आणि पाणी उपसायला बादली-दोर किंवा लहान पंप जवळ ठेवा.

शवपेटीसाठी मयताची उंची आणि खांद्याची रुंदी मापून घ्या, अंदाजानं सांगू नका. उंचीत तीन-चार इंच, रुंदीत दोन इंच जास्त. पेटी खाली सोडायला प्रत्येकी पंचवीस फुटांचे दोन सुती दोर लागतात. नायलॉनचा दोर ओल्या हातातून सटकतो आणि पेटी एका टोकाला आपटते. हे दोर चर्चच्या कपाटात कायम असावेत, बाकी सगळं भाड्यानं मिळतं. कबरीच्या कडेला नात्यातल्या वयस्कर माणसांना उभं करू नका. दोर धरायला तालमीतली चार पोरं असली की काम सफाईनं होतं.

घरी पंधरा मिनिटं, चर्चमध्ये अर्धा तास, कबरीपाशी पंधरा मिनिटं. श्रद्धांजलीची भाषणं तीनच, तीही आधी ठरवून. माइक मोकळा सोडलात तर दहा जण उठतात.

दफनाची नोंद त्याच संध्याकाळी करायची. मृत्यूची सरकारी नोंद २१ दिवसांच्या आत, आणि माणूस राहत होता तिथं नाही, वारला तिथं. कागलचा माणूस कोल्हापूर शहरातल्या दवाखान्यात वारला तर नोंद कोल्हापूर महापालिकेत. घरच्यांना हे हमखास माहीत नसतं. मग डायरीत पुढच्या तारखा टाका: तिसरा दिवस, पंधरावा दिवस, तिसरा महिना, वर्ष. पंधराव्या दिवसाची भेट सगळ्यात गरजेची, कारण तोवर पाहुणे परतलेले असतात आणि घर रिकामं झालेलं असतं.

लग्न

इथं भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२ लागू होतो. स्वतंत्र, म्हणजे कुठल्या मोठ्या चर्चसंस्थेत नसलेल्या, मंडळीच्या पाळकानं आपल्याकडे लग्न लावायचा परवाना आहे ना हे आधी पाहावं. अधिकार नसताना लग्न लावणं हा गंभीर गुन्हा आहे. लग्नाची लेखी सूचना घ्या, ती चर्चमध्ये दिसेल अशी लावा, वयाचे पुरावे स्वतः पाहा: मुलगा २१, मुलगी १८. सूचनेचं प्रमाणपत्र दिल्यापासून दोन महिन्यांत लग्न झालं नाही तर सूचना नव्यानं द्यावी लागते. हॉल मिळत नाही म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्यांना हे सांगून ठेवा. विधीची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७. साडेपाचची पत्रिका छापली आणि वरात बँडसमोर नाचत राहिली की सात वाजतात, म्हणून पत्रिका छापायच्या आधी मसुदा तुम्हाला दाखवायला सांगा आणि चारच्या पुढची वेळ देऊ नका. सह्या फोटोंच्या आधी. फोटो सुरू झाले की साक्षीदार जेवायच्या पंगतीत सापडतात.

प्रवचन आणि प्रभुभोजन

उतारा मंगळवारी सकाळी ठरवा आणि नुसता वाचा. बुधवारी-गुरुवारी सकाळचे दोन-दोन तास दार लावून लिहिणं. शुक्रवारी मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. वीस मिनिटांच्या प्रवचनाला साधारण दोन हजार शब्द होतात. शनिवारवर ठेवलेलं प्रवचन शनिवारच्या मयतात जातं, मग रविवारी मंडळीला तीन वर्षांपूर्वीचंच ऐकावं लागतं. त्यांना ते आठवतं, बोलत नाहीत इतकंच.

प्रभुभोजनाची तयारी महिला मंडळाकडे असली तरी प्रमाण लिहून द्या. दीडशे जणांना प्रत्येकी ६ मिलीप्रमाणे ९०० मिली, सांडलवंड धरून एक लिटर रस. काळ्या मनुका २५० ग्रॅम, सव्वा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या, कुस्करून दोनदा गाळायच्या. एक लिटरला कमी पडलं तर उकळलेलं पाणी घालून भरायचं. हे शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवायचं. एप्रिल-मे मध्ये बाहेर राहिला तर सकाळपर्यंत आंबतो. प्याले किटलीनं भरू नका, सॉसच्या नव्या पिळायच्या बाटलीनं भरा, म्हणजे ट्रे चिकट होत नाही. पाव वापरत असाल तर कडा काढून दीड सेंटिमीटरचे तुकडे केले की एका मोठ्या स्लाइसचे छत्तीसेक होतात, दीडशे जणांना पाच स्लाइस पुरतात. आदल्या दिवशी कापून उघडे ठेवले तर कडक होतात, ओल्या फडक्याखाली ठेवले तर बुरशी धरते. सकाळीच कापा.

गावात

कोल्हापुरात पेठेचा कारभार तालीम मंडळांभोवती फिरतो. चर्चच्या आसपासच्या तालमीचे अध्यक्ष, भागातले माजी-आजी नगरसेवक, पोलीस ठाण्यातले गोपनीय शाखेचे हवालदार यांची ओळख काम नसताना करून घ्यायची. काम घेऊन पहिल्यांदा गेलेल्या माणसाला सगळे कामापुरतंच ओळखतात. शांतता समितीच्या बैठकीला स्वतः जा, प्रतिनिधी पाठवू नका. समित्यांवर नाव मात्र दोनच ठिकाणी द्या. चर्चच्या शाळेची एक आणि बाहेरची एक. पाळकाचं नाव सगळ्यांनाच हवं असतं, कारण ते कुणाच्या पक्षाचं नसतं.

वर्षाच्या सुरुवातीला इथल्या सणांचं कॅलेंडर आपल्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) पौर्णिमेवरून ठरतो आणि जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते. त्यामुळे बऱ्याच वर्षी यात्रा आणि पवित्र आठवडा एकमेकांना चिकटून येतात. २०२३ मध्ये यात्रा आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) एकाच आठवड्यात आले. अशा वर्षी पन्हाळा रस्त्यावर गुलालानं माखलेल्या गाड्यांची रांग असते. कोडोलीकडच्या मंडळीला शहरातल्या दुपारच्या उपासनेला बोलवायचं असेल तर दोन तास आधी निघायला सांगा, नाहीतर उपासना तिकडेच घ्या. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीचे रस्ते दुसऱ्या दिवसापर्यंत बंद राहतात. त्या दिवशी मयत आलं तर शववाहिकेचा मार्ग पोलिसांना फोन करून आधी मागून घ्या.

नाताळात कॅरोलच्या, म्हणजे घरोघरी नाताळगीतं गायच्या, फेऱ्यांचा नकाशा नोव्हेंबरातच करा. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण ती यादी दरवर्षी पाहायची. आपली मुख्य रात्र २४ ची आणि यादीतली तारीख २५ ची असू शकते. एका रात्री आठ घरं, प्रत्येकी बारा मिनिटं. शेवटच्या घरी लहान मुलं असलेलं कुटुंब ठेवू नका.

पूर

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे दोन आकडे ऑफिसच्या भिंतीवर लावा. दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी आधी शिरतं, मग पुढचे भाग. २०१९ आणि २०२१ मध्ये महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद झाला होता. म्हणून ३९ ला पूरग्रस्तांसाठी चर्चचं सभागृह झाडून सतरंज्या काढायच्या आणि सखल भागातल्या वयस्कर सभासदांना हलवायचं. धोका पातळीची वाट पाहिली तर रिक्षा मिळत नाही. रजिस्टरं त्याच दिवशी वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या घरी.

साठ माणसांना एका वेळच्या खिचडीला सहा-सात किलो तांदूळ, अडीच किलो डाळ. पिण्याचं पाणी माणशी रोज तीन-चार लिटर, उकळलेलं किंवा क्लोरीन टाकलेलं. गॅसची एक जादा टाकी, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचं दूध, बीपी-शुगरच्या गोळ्यांची माणसागणिक यादी. बायकांना झोपायला वेगळी खोली आणि तिथं आतून कडी. जुन्या कपड्यांचे ढीग स्वीकारू नका. कुणी नेत नाही, ओले होतात आणि पंधरा दिवसांनी टाकायला टेम्पो लागतो. आलेल्या माणसाला जात-धर्म विचारायचा नाही, आणि खिचडीच्या आधी प्रार्थनेला बसवायचं नाही. तुमची उपासना तुमच्या वेळेला घ्या, ज्याला यायचं तो येईल. तहसील कार्यालयाला रोज संध्याकाळी आकडा कळवला की धान्य आणि डॉक्टरांचं पथक तुमच्यापर्यंत येतं.

पैसा आणि सोमवार

अर्पण पाळकानं मोजायचं नाही. कमिटीतले दोघं, एकमेकांच्या नात्यातले नसलेले, उपासना संपल्यावर तिथंच मोजतील, दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत. गरजूंच्या मदतीसाठी वेगळं खातं आणि तुमच्या हातात थोडी ठरलेली रक्कम ठेवून घ्या, तिचा हिशेब महिन्याला द्या. खिशातून देत राहिलात तर दोन-तीन महिन्यांत घरात कुरकुर सुरू होते.

सोमवार सुट्टीचा, आणि तो मुलांच्या शाळेच्या वेळापत्रकाशी जुळत नसल्यानं शनिवारची दुपारसुद्धा घरासाठी राखायची. सोमवारी फोन सेक्रेटरीकडे वळवा. त्यानं तुम्हाला दोनच कारणांसाठी उठवायचं: मृत्यू आणि अतिदक्षता विभाग. दाखला, देणगी, तक्रार, भाषणाचं आमंत्रण यासाठी मंगळवारी सकाळी दहा ते बारा ऑफिस उघडं असतं, तशी पाटी फाटकावर लावा.